कुंभाचं अ‍ॅप काढणाऱ्या भाचीला

सिंहस्थासाठी अ‍ॅप करायचं तुम्हा मैत्रिणींचं ठरलंय, असं ताई म्हणाली. हरवलेली माणसं, गाडीतळ, कुठल्या घाटावर किती गर्दी, सगळं एका ठिकाणी. करा, जरूर करा. मला कोडमधलं काही कळत नाही. पण नाशिकच्या एमजी रोडवर फोन विकण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे चांगली चांगली अ‍ॅप लोकांच्या हातात आल्यावर कुठे अडतात ते रोज बघतो. कॉलेजात हे कोणी सांगेल असं वाटत नाही, म्हणून सांगून ठेवतो.

आधी 'अँड्रॉइड म्हणजे ओपन, आयफोन म्हणजे बंद' हे डोक्यातून काढून टाक. अँड्रॉइडचा मूळ कोड २००८ पासून खुला आहे. कोणीही उतरवून घ्यावा, बदलावा, आपल्या फोनमध्ये घालावा. पण गिऱ्हाईक ज्याला अँड्रॉइड म्हणतं त्यातलं प्ले स्टोअर, मॅप्स, नोटिफिकेशन पोचवणारी व्यवस्था, लोकेशन चटकन काढून देणारी सेवा, हे त्या खुल्या कोडात येत नाही. ते गुगलच्या मालकीचं, आणि फोनवाल्या कंपन्यांना करार करूनच मिळतं. मे २०१९ मध्ये अमेरिकेने ह्युवाईवर निर्बंध घातले तेव्हा खुला कोड ह्युवाईकडे होताच, तो कोणाला काढून घेता आला नाही. गेलं ते प्ले स्टोअर आणि त्यामागच्या सेवा. नंतरच्या मॉडेलांचे कॅमेरे नावाजलेले होते, पण 'यात प्ले स्टोअर नाही' म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या फोनकडे बोट दाखवणारच.

म्हणून फोन खुला आहे का हे ठरवताना दोन गोष्टी विचार. बाहेरच्या माणसाने केलेल्या सेवेला घरच्या सेवेइतकं करू देतात का? आणि आज दिलेलं उद्या काढून घेऊ शकतात का? तुमचं अ‍ॅप बाहेरचंच असणार आहे, हे धरून चाला.

कॉल रेकॉर्डिंगचंच घे. कांद्याचा व्यवहार अर्धाअधिक फोनवर होतो. भाव फोनवर ठरतो आणि दुसऱ्या दिवशी 'मी असं म्हणालोच नव्हतो' व्हायला नको, म्हणून कितीतरी लोक रेकॉर्डिंगचं अ‍ॅप टाकून न्यायचे. ११ मे २०२२ पासून प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपना त्यासाठीची वाट गुगलने बंद केली. अपंगांच्या सोयीसाठी असलेली अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी ही अ‍ॅप वापरत होती, तिचा असा उपयोग चालणार नाही म्हणाले. ट्रूकॉलरसारख्या मोठ्या अ‍ॅपलाही ती सोय काढावी लागली. फोनसोबत आलेल्या डायलरमधलं रेकॉर्डिंग मात्र चालूच राहिलं. गुगलचं कारण खोटं नव्हतं, त्या परवानगीतून लोकांच्या खात्यांवर डल्ला मारला जातोच. पण नियम बाहेरच्याला एक आणि घरच्याला एक, हेही खरं. त्याआधी २०१८ च्या ऑक्टोबरात एसएमएस आणि कॉल लॉग वाचण्याच्या परवानगीवर असाच चाप लावला होता. तुमचं अ‍ॅप ज्या एका परवानगीवर उभं राहणार असेल, ती उद्या गेली तर काय उरतं, ते आजच कागदावर लिहून काढा.

ताई म्हणाली की तुमची मुख्य कल्पना ब्लूटूथची आहे. आजी घोळक्यातून लांब गेली की नातवाचा फोन ओरडेल. कल्पना झकास, पण तिच्या रस्त्यात काय आहे ते आपल्या नाशिकच्याच माणसाला विचार. रमेश रास्कर मूळचे नाशिकचे, एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक. २०२० मध्ये करोना आला तेव्हा त्यांनी सेफ पाथ्स नावाचं काम उभं केलं. बाधित माणसाच्या जवळून आपण गेलो होतो का हे फोनने सांगावं, आणि कोड सगळ्यांसाठी खुला असावा, असं ते काम. जगभरातून लोक मदतीला आले. त्याच सुमारास देशोदेशीची सरकारं अशीच अ‍ॅप काढत होती, आणि ब्लूटूथवर चालणारी बहुतेक एकाच जागी येऊन अडकली. आयफोनची स्क्रीन बंद झाली, अ‍ॅप मागे गेलं, की ब्लूटूथवरून इतर फोन शोधायची मुभा जवळजवळ संपते. सिंगापूरने मार्च २०२० मध्ये ट्रेसटुगेदर काढलं, तर आयफोनवाल्यांना ते अ‍ॅप उघडं ठेवून फोन खिशात घालावा लागे. फ्रान्सच्या सरकारने अ‍ॅपलला ही अट सैल करायला सांगितली. अ‍ॅपल बधलं नाही. फ्रान्ससारखा देश दारात उभा, आणि दार उघडायचं की नाही हे ठरवणार फोन बनवणारी कंपनी!

मग १० एप्रिल २०२० ला अ‍ॅपल आणि गुगलने मिळून स्वतःची वाट जाहीर केली. मागे राहूनही ब्लूटूथ चालेल, पण फक्त सरकारी आरोग्य यंत्रणांच्या अ‍ॅपला, आणि त्या अ‍ॅपने लोकेशन मागायचं नाही. आपलं आरोग्य सेतू त्याआधीच, २ एप्रिलला आलं होतं आणि ब्लूटूथ व जीपीएस दोन्ही घेत होतं. ते त्या वाटेने गेलंच नाही. त्याचा अँड्रॉइडचा कोडही २६ मेपर्यंत बंद होता, लोकांनी ओरड केल्यावर खुला झाला. म्हणजे बघ, कोड खुला पण फोन ऐकत नाही, असंही होतं. आणि सरकारचं अ‍ॅप असून कोड बंद, असंही होतं. दोन्ही वेगवेगळी कुलपं आहेत.

तुमच्यापुरता याचा अर्थ एवढाच: आजीचा आणि नातवाचा, दोन्ही फोन स्क्रीन बंद करून खिशात ठेवा आणि रविवार कारंजापासून रामकुंडापर्यंत चालत जा. वाटेत एकमेकींपासून लांब व्हा; नातवाचा फोन ओरडला तर ठीक. टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या फोनांवर घेतलेली चाचणी मी धरत नाही.

याच रास्करांनी आणि इथल्या लोकांनी २०१५ च्या सिंहस्थाआधी कुंभथॉन नावाचं शिबिर भरवलं होतं. त्यातून निघालेली मला सर्वांत आवडलेली वस्तू म्हणजे आशिओतो. नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी केलेली चटई. वाटेवर अंथरायची. वरून माणसं चालत गेली की पावलांचा दाब मोजला जायचा आणि त्या अरुंद वाटेतून किती माणसं गेली याचा आकडा मिळायचा. यामागे दुखरी आठवण आहे. २७ ऑगस्ट २००३ ला पर्वणीच्या दिवशी चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. त्या दिवसानंतर गर्दी मोजणं हा या गावात हौसेचा विषय राहिलेला नाही.

चटईची खुबी लक्षात घे. तिला प्ले स्टोअर लागत नाही, परवानगी लागत नाही, बॅटरी सेव्हर तिला झोपवत नाही. खेड्यातून अनवाणी आलेली म्हातारी तिच्यावरून गेली तरी ती मोजली जाते, तिच्याकडे फोन असो वा नसो. तुमच्या अ‍ॅपमधली गर्दी फोनांवरून मोजणार असाल, तर फोन नसलेली माणसं तुमच्या नकाशावर दिसणारच नाहीत, आणि नेमकी तीच रांगेत सगळ्यांत जास्त असतात. गर्दीचा आकडा फोनबाहेरून आणा, फोनवर फक्त दाखवा.

आता दाराशी बसलेल्यांचं. तुझ्या आजोबांनी लासलगावला कांदा घालताना आयुष्यभर अडत दिली. माल आपला, गाडी आपली, पण बाजार समितीच्या आवारातूनच विकायचा आणि हिशोबपट्टीतून अडत कापून घ्यायची. २०१६ च्या जुलैत सरकारने फळं-भाजीपाला नियमनातून मोकळा केला, अडत खरेदीदारावर टाकली, तेव्हा व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते. प्ले स्टोअरचा मामला मला अगदी तसाच दिसतो. अ‍ॅपमधून डिजिटल माल विकला तर वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर १५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्क्यांपर्यंत अडत, आणि आवाराबाहेर विकायची मुभा कागदावर असली तरी तिकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. भारतातल्या शंभरातल्या नव्वदहून अधिक फोनांत अँड्रॉइड आहे म्हटल्यावर गेट कुणाच्या हातात हे उघड आहे.

अँड्रॉइडच्या या वर्चस्वाची तक्रार आपल्याकडे कोणी केली माहीत आहे? २०१८ मध्ये तीन तरुणांनी, तुमच्याहून फार मोठे नसतील. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला, आणि पाच दिवसांनी प्ले स्टोअरच्या बिलिंगवरून आणखी ९३६.४४ कोटींचा. अपिलात पहिला दंड मार्च २०२३ मध्ये कायम राहिला, पण आयोगाच्या दहा आदेशांपैकी चार उडाले. प्ले स्टोअरच्या आत दुसऱ्यांची स्टोअर ठेवू द्यावीत, बाहेरून अ‍ॅप टाकण्यात आडकाठी करू नये, हे त्या उडालेल्यांत होते. म्हणजे तुमच्या कामाचे नेमके तेच! दुसरा दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. दंडाचे आकडे वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरात येतात, आदेश बारीक अक्षरात. आपण बारीक अक्षर वाचावं.

तुमचं अ‍ॅप फुकट असल्यामुळे अडतीचा प्रश्न नाही. गाडीतळाचे पैसे घेणार असाल तरी ती प्रत्यक्ष जागेची सेवा आहे, तिला प्लेचं बिलिंग लागत नाही. सरळ यूपीआय ठेवा, भाविकाच्या फोनमध्ये कुठलंही अ‍ॅप असो, पैसे पोचतात. धास्ती गेटची बाळगा. १ मार्च २०२४ ला फीच्या वादात गुगलने नोकरी देणारी, लग्न जुळवणारी नामांकित भारतीय अ‍ॅप प्ले स्टोअरवरून उतरवली. केंद्र सरकार मध्ये पडलं तेव्हा काही दिवसांत परत आली. त्यांच्यासाठी मंत्री बोलले. तुमच्यासाठी फार तर मी बोलेन.

तेव्हा वेळेचा हिशोब उलटा मांडा. पहिलं अमृत स्नान २ ऑगस्ट २०२७ ला. प्ले स्टोअरचं खातं एकदाच २५ डॉलर भरून निघतं, पण वैयक्तिक नावाने नवं खातं काढलं तर १२ जण सलग १४ दिवस चाचणीत सामील राहिल्याशिवाय अ‍ॅप सगळ्यांसाठी लावता येत नाही. हे बारा जण आत्ताच गाठून ठेवा. त्यात एक तरी आजी असू दे. प्रत्येक अपडेट तपासणीतून जातं, म्हणून पर्वणीच्या तोंडावर नवीन काही चढवायचं नाही. अ‍ॅपलला दरवर्षी ९९ डॉलर लागतात. युरोपात मार्च २०२४ पासून आयफोनवर दुसरी स्टोअर चालतात, ती कायद्याच्या दट्ट्यामुळे. आपल्याकडे अजून नाहीत. अँड्रॉइडसाठी फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस अ‍ॅपस्टोअर सुरू केलंय, १२ भारतीय भाषांत, मराठी धरून. तिथेही लावून ठेवा.

'स्टोअर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल पाठवून देऊ' हा विचार मनात आला असेल तर सोडून दे. गिऱ्हाईक घाबऱ्याघुबऱ्या येतं, फोन माझ्यापुढे ठेवतं. 'आरटीओ चलान' नावाची फाइल आलेली असते, किंवा लग्नपत्रिका. उघडली, 'अज्ञात स्रोत'ला होकार दिला, मग एसएमएसची परवानगी मागितली, तीही दिली. आता ओटीपी चोराकडे जातोय आणि खातं रिकामं होतंय. मी आधी फोन फ्लाइट मोडवर टाकतो, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला फोन लावायला सांगतो, अ‍ॅप काढणं त्यानंतर. बाहेरून अ‍ॅप टाकायची मुभा मला स्वतःला हवी आहे. एफ-ड्रॉइडसारखं खुल्या अ‍ॅपचं भांडार त्याच वाटेने फोनमध्ये येतं. पण चोरही त्याच वाटेने येतो, आणि कुंभात 'मेळा दर्शन', 'व्हीआयपी स्नान' असल्या नावांनी तो येणारच. लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवरची फाइल उघडायची सवय तुम्ही लावलीत, की फायदा त्याचा. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलंय की बाहेरून टाकायच्या अ‍ॅपच्या कर्त्यालाही आपली ओळख पटवावी लागेल. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड, आणि पुढे २०२७ पासून बाकीच्या जगात. जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असं नंतर म्हणालेत, तरी तुम्ही ओळख पटवूनच ठेवा.

आता खुद्द फोनमधल्या गोष्टी. एका आजींना मुलीने औषधाची आठवण देणारं अ‍ॅप टाकून दिलं होतं. आठ दिवस वाजलं, मग गप्प. अ‍ॅप धड होतं. फोन कंपनीनेच बॅटरी वाचवायला त्याला झोपवलं होतं. सेटिंगमध्ये जा, अ‍ॅप्स, मग ते अ‍ॅप, मग बॅटरी, तिथे 'नो रिस्ट्रिक्शन्स'. एवढ्याने भागत नाही. ऑटोस्टार्टचं बटण वेगळ्या पानावर, तेही चालू करायचं. त्याच फोनमध्ये कंपनीचा स्वतःचा गेम सेंटर मात्र रात्री दोनलाही जाहिरात वाजवत होता. प्रत्येक कंपनीत ही बटणं निराळ्या जागी असतात. तुमच्या अ‍ॅपने पहिल्यांदा उघडतानाच फोन कुठल्या कंपनीचा ते ओळखून चित्रासकट, मराठीत आणि हिंदीत, कुठे दाबायचं ते दाखवलं पाहिजे. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून कोणी करत नाही. तुम्ही करा.

अ‍ॅप लहान ठेवा. निफाड-दिंडोरीकडची मंडळी ई-पीक पाहणीचं अ‍ॅप अपडेट होत नाही म्हणून येतात, बघावं तर स्टोरेज 'शुभ सकाळ'ने तुडुंब. तुमचं अ‍ॅप दीडशे एमबीचं झालं तर नातवाचे फोटो पुसून ते कोणी ठेवणार नाही. पाच-सहा वर्षं जुन्या अँड्रॉइडवर चाललं पाहिजे. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा घेऊन फोनमध्येच साठवा, कारण पर्वणीला गोदाकाठी नेटवर्क मिळेल या भरवशावर राहू नये. गल्ल्या, बंद केलेले रस्ते, तात्पुरते गाडीतळ त्यात स्वतः भरता येतात, आणि भरलेलं सगळ्यांना मिळतं.

सगळं अ‍ॅपमध्ये कोंबू नका. साधं वेबपान करा, क्यूआर लावा. आयफोनवरही होम स्क्रीनवर ठेवलेल्या पानाला २०२३ पासून नोटिफिकेशन पाठवता येतं. आणि कीपॅडच्या फोनसाठी एक नंबर, ज्यावर फोन केला की मराठी, हिंदी, गुजराती, तेलुगूत बोललं जाईल. खुलेपणाचं आणखी एक ऐक. मी २०१४ मध्ये फायरफॉक्स ओएसचे इंटेक्सचे दोन हजाराच्या आतले फोन विकलेत. पूर्ण खुली व्यवस्था होती, आत सगळं वेबवर चालायचं. पण व्हॉट्सअ‍ॅप नीट चालत नाही म्हटल्यावर लोक दुसऱ्या दिवशी परत. त्याच कोडातून निघालेली काइओएस २०१७ च्या जिओफोनमध्ये आली, तिच्यावरही व्हॉट्सअ‍ॅप यायला सप्टेंबर २०१८ उजाडला. खुली व्यवस्था असून बाहेरचे आलेच नाहीत तर ती ओस पडते. कोणता फोन खुला, यावर तावातावाने बोलणाऱ्या तुमच्या सिनिअर मुलांना हे सांग. आणि त्यांच्या नादाने बूटलोडर उघडून लिनिएजओएस ही बाहेरची खुली व्यवस्था टाकायचीच असेल तर जुन्या फोनवर टाक. रोजच्या फोनवर टाकलंस तर बँकेची बरीच अ‍ॅप उघडायलाच नकार देतील.

शेवटी हरवलेल्या मुलांचे फोटो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातली मुख्य बंधनं दीड वर्षाने लागू होतात. म्हणजे मे २०२७, पर्वणीच्या तोंडावर. मुलांच्या माहितीला पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि या कायद्यातल्या दंडांची एकूण कमाल मर्यादा २५० कोटींची आहे. फोटो कोण बघणार, मूल सापडल्यावर किती तासांत पुसला जाणार, सर्व्हरवरच्या नकलेचं काय, हे वकिलाला विचारून आधी ठरवा आणि मगच फोटो चढवायचं बटण बनवा. पोलिसांच्या हरवले-सापडले कक्षाशी बोलल्याशिवाय तर ते बटण ठेवूच नका.

रविवारी दुपारी दुकानात या. खणात जुने, फुटक्या काचेचे, निरनिराळ्या कंपन्यांचे फोन पडलेत, सगळ्यांवर टाकून बघू. चार्जर तुमचे आणा.